सुई पिवळ्याच्या खाली येतच नाही

आधी गुण देऊन टाकते: पाचपैकी अडीच. त्यातला दीड एका अशा सोयीसाठी, जिचा विक्रेत्यांच्या जाहिरातीत कुठेही उल्लेख नाही. उरलेला एक, ॲप मध्येच बंद पडत नाही म्हणून.

वस्तू काय आहे ते सांगते. मोठी क्रीडास्पर्धा भरवली की यजमानांना कुणीतरी विचारतंच, की बाबांनो, एवढा खर्च केलात, मांडव उतरल्यावर इथल्या माणसांच्या हाती काय उरलं? या उरलेल्याला आयोजकांच्या भाषेत ‘वारसा’ म्हणतात. तो मोजून देणारी तयार पॅकेजं मिळतात. प्रश्नावल्या, सर्व्हेसाठी मोबाईल ॲप, आकडे दाखवणारा डॅशबोर्ड आणि शेवटी एक बटण दाबलं की आपोआप तयार होणारा गुळगुळीत अहवाल. आमच्याकडेही अशी एक स्पर्धा होती, म्हणून आमच्या संघटनेनं त्यातलं एक घेतलं आणि माझ्या गळ्यात घातलं. मी ३४ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आता धावणाऱ्यांच्या एका क्लबची खजिनदार आहे. ‘मॅडम, आकडे म्हणजे तुमचंच खातं,’ असं म्हणून सचिवांनी पासवर्ड पाठवून दिला. पॅकेजचं नाव लिहीत नाही. त्याच जातीची आणखी दोन मी चाचणीपुरती उघडून पाहिली. आतून तिघी सख्ख्या बहिणी आहेत.

डॅशबोर्ड उघडला की समोर अर्धगोल. डावीकडे लाल, मध्ये पिवळा, उजवीकडे हिरवा, आणि त्यावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखी सुई. खाली मोठ्या अक्षरात ‘वारसा गुणांक’. समितीच्या बैठकीत हे पडद्यावर लावलं तेव्हा सगळे खूश झाले. मी झाले नाही, कारण काहीही भरायच्या आधीच सुई पिवळ्याच्या मध्यावर होती.

नवा तराजू आणला की आधी वजन माहीत असलेली वस्तू त्यावर ठेवून बघायची. म्हणून आमची माहिती बाजूला ठेवून मी जुन्या स्पर्धा भरायला घेतल्या. ज्यांचं पुढे काय झालं हे जगाला ठाऊक आहे अशा.

पहिली मॉन्ट्रियल, १९७६. तिथले महापौर झां द्रापो म्हणाले होते, की पुरुषाला मूल होणं जितकं शक्य, तितकंच ऑलिंपिकला तूट येणं शक्य. ती तूट फेडता फेडता २००६ साल उजाडलं, आणि फेडायला तंबाखूवर खास कर लावावा लागला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ऑलिंपिकचे खर्च एकापुढे एक मांडले, तेव्हा मॉन्ट्रियलचा खर्च मूळ अंदाजापेक्षा ७२० टक्क्यांनी वाढलेला निघाला. मी हिशेब सोपा ठेवला. खर्चाच्या रकान्यात आधी अंदाज म्हणून १०० घातले. सुई पिवळ्यावर. मग ते खोडून प्रत्यक्षातले ८२० घातले. सुई टुणकन हिरव्यात.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तीनदा करून पाहिलं. मग मदतीच्या पानांवर शोधल्यावर कळलं, की खर्चाचा रकाना ‘समाजातील गुंतवणूक’ या सदरात जमा होतो आणि त्याला वरून गुणक लागतो. गुणक म्हणजे काय, तर मैदान बांधणाऱ्या गवंड्याला मजुरी मिळते, तो ती दुकानात खर्च करतो, दुकानदार पुढे खर्च करतो, असा पैसा फिरत राहतो. फिरतो खरा. पण तोच पैसा शाळेच्या छपरावर घातला असता तरी फिरलाच असता. शिवाय कंत्राटदार बाहेरगावचा असेल तर पहिल्याच फेरीत तो पैसा खिशात घालून निघून जातो. पॅकेजला यातलं काही विचारायचं नाही. त्याच्या लेखी खर्च जितका हाताबाहेर जाईल तितका वारसा मोठा. माझ्या वर्गात कुणी खर्चालाच नफा म्हणून मांडलं असतं, तर मी त्याला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवलं असतं.

दुसरं वजन, अमेरिकेतला १९९४ चा फुटबॉल विश्वचषक. आधीचे अंदाज सांगत होते, की यातून ४ अब्ज डॉलरचा फायदा होईल. रॉबर्ट बाडे आणि व्हिक्टर मॅथेसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर यजमान शहरांची प्रत्यक्ष वाढ आणि स्पर्धा नसती तर अपेक्षित असलेली वाढ यांची तुलना केली. तेव्हा एकत्रित ५.५ ते ९.३ अब्ज डॉलरचा खड्डा दिसला. हे कसं होतं? स्पर्धेला पाहुणे येतात ते दिसतात. स्पर्धेच्या गर्दीला भिऊन जे फिरकतच नाहीत ते कुणाला दिसत नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनमध्ये ऑलिंपिक चालू असताना ब्रिटनमध्ये आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी होते. पॅकेजमधल्या पाहुण्यांच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न आहे, ‘आपण स्पर्धेसाठी आलात का?’ जो आलाच नाही त्याला हा प्रश्न कोण आणि कुठे विचारणार?

तिसरं वजन उलट्या बाजूचं घेतलं, म्हणजे तराजू एकाच अंगानं खोटा आहे की दोन्ही, ते कळेल. लॉस एंजेलिस, १९८४. मॉन्ट्रियलचा धसका घेऊन बाकीची शहरं मागे सरली होती, त्यामुळे लॉस एंजेलिसला आपल्या अटी घालता आल्या. बरीचशी जुनीच मैदानं वापरली. मुख्य स्टेडियम तर १९३२ च्या ऑलिंपिकचंच. २३ कोटी २५ लाख डॉलर शिल्लक राहिले. त्यातला ४० टक्के वाटा, म्हणजे सुमारे ९ कोटी ३० लाख डॉलर, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळासाठी एका प्रतिष्ठानकडे गेला. ते प्रतिष्ठान आज चाळीस वर्षांनंतरही अनुदानं देतंय. वारसा म्हणतात तो हा. पॅकेजमध्ये भरायला गेले तर ‘लाभ किती काळ टिकला’ या रकान्यात शेवटचा पर्याय ३६ महिने. शिवाय बांधकाम फारसं नाही, म्हणून गुंतवणूकही कमी. सुई पिवळ्यावर, मॉन्ट्रियलच्या डावीकडे! चला, तराजू दोन्ही अंगांनी खोटा.

बार्सिलोना (१९९२) आणि अथेन्स (२००४) मी एकत्र भरले, कारण या दोघांमुळे दुसरीच एक अडचण कळते. बार्सिलोनानं जुन्या गिरण्या-गोदामांचा किनारा मोकळा करून तिथे पुळण आणि वस्ती उभी केली, शहराभोवती वळणरस्ते काढले. यातल्या बऱ्याच गोष्टी शहराला ऑलिंपिकआधीपासूनच करायच्या होत्या. स्पर्धेनं तारीख ठरवून दिली. मग हा लाभ स्पर्धेच्या खात्यावर किती लिहायचा? सगळा नाही, शून्यही नाही. पॅकेज सगळा लिहितं. अथेन्समध्ये मेट्रो आणि ट्राम राहिली, लोक रोज वापरतात. त्याच स्पर्धेसाठी जुन्या विमानतळाच्या जागेवर, हेलिनिकोला, बांधलेली सॉफ्टबॉल आणि हॉकीची मैदानं गवतात गेली. पॅकेज या दोहोंची सरासरी काढतं. मेट्रो आणि ओसाड सॉफ्टबॉल मैदान यांची सरासरी म्हणजे नेमकं काय, हे मला ३४ वर्षांच्या अनुभवानंतरही सांगता येणार नाही.

मैदानांवरून आठवलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०२२ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली: १८९६ पासून वापरलेल्या कायमस्वरूपी ऑलिंपिक वास्तूंपैकी ८५ टक्के अजून वापरात आहेत. आकडा चांगला आहे आणि मला तो खोटा वाटत नाही. पण ‘वापरात’ हा शब्द पोत्यासारखा आहे, काहीही मावतं. रोज सकाळी शाळेची पोरं पोहतात तोही वापर, वर्षात दोन मैफली होतात तोही वापर. २०१४ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलियात बांधलेल्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये पुढे शहरातल्या बस उभ्या करायला लागले. तोही एक वापरच की. आमच्या पॅकेजमध्येही हाच रकाना आहे, ‘वास्तू वापरात आहे का: होय / नाही’. कुणाच्या वापरात, असं विचारायला जागा नाही.

आता लंडन. यावर मी पूर्ण तीन आठवडे घालवले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, कारण मोजणीच्या बाबतीत इतकी धडपड दुसऱ्या कुठल्या शहरानं क्वचितच केली असेल. इतक्या चुकाही.

यजमानपद मिळालं २००५ मध्ये. त्याच सुमारास, २००५-०६ मध्ये, इंग्लंडमध्ये लोक किती खेळतात याचा एक प्रचंड सर्व्हे सुरू झाला. म्हणजे स्पर्धेच्या सात वर्षं आधीची स्थिती कागदावर होती. बेसलाइन ती हीच, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी तीच नसते. स्पर्धा उरकल्यावर कुणाला तरी मोजायची आठवण होते, वरातीमागून घोडं. सरकारनं लक्ष्यही आकड्यात सांगितलं: २० लाख लोक जास्त सक्रिय करू. पुढे सरकार बदललं आणि स्पर्धेच्या आधीच ते लक्ष्य गुपचूप खाली ठेवण्यात आलं. मग २०१५-१६ च्या सुमारास मूळ सर्व्हेच बंद करून त्या जागी वेगळ्या व्याख्यांचा नवा सर्व्हे आणला. नवा सर्व्हे जास्त चांगला आहे, असं म्हणतात, असेलही. पण वाढत्या मुलाची उंची दहा वर्षं एका पट्टीनं मोजायची आणि मग पट्टीच बदलायची, तर भिंतीवरच्या खुणा जुळायच्या कशा?

दुसरी गोष्ट मला फार आवडली आणि तिनेच मला फार छळलं. पूर्व लंडनचे यजमान बरो (स्वतःची पालिका असलेले शहराचे विभाग), म्हणजे न्यूहॅम, टॉवर हॅम्लेट्स, हॅक्नी, वॉल्थम फॉरेस्ट आणि ग्रिनिच (बार्किंग अँड डॅगनम मागाहून आला), यांनी २००९ मध्ये ठरवलं, की वीस वर्षांत इथल्या रहिवाशांना लंडनच्या बाकीच्या रहिवाशांइतक्याच संधी मिळाल्या पाहिजेत. शिक्षण, रोजगार, आरोग्य, सगळ्यात. तीन वर्षं नाही, वीस! ‘वारसा’ हा शब्द असा वापरलेला पाहून बरं वाटलं.

पण आकडे बघायला लागलं की पायाखालची जमीन सरकते. समजा एका भागातलं सरासरी उत्पन्न दहा वर्षांत वाढलं. ते तिथे राहणाऱ्या माणसांचं वाढलं, की जुनी माणसं भाडं न परवडल्यामुळे निघून गेली आणि जास्त कमावणारी राहायला आली? सरासरी दोन्ही वेळा सारखीच हसते. ऑलिंपिक पार्कच्या जागी आधी क्लेज लेन नावाची सहकारी वसाहत होती. २००७ मध्ये तिथल्या चारशेहून जास्त लोकांना उठवलं. खेळाडूंच्या वसाहतीची पुढे २,८१८ घरं झाली, त्यातली जवळपास निम्मी परवडणाऱ्या दराची. तिथे आज कुणाला विचारलं, ‘तुमचं आयुष्य सुधारलं का?’ तर उत्तर बहुधा हो येईल. क्लेज लेनच्या माणसाला हा प्रश्न विचारायला तो त्या पत्त्यावर सापडायला हवा ना.

पॅकेजनं इथेच माझा पुरता हिरमोड केला. सर्व्हेच्या दुसऱ्या फेरीत एखाद्या पत्त्यावर मूळ माणूस सापडला नाही, तर ॲप काय करतं? त्या घरात आता जो राहतो त्याला तोच क्रमांक देऊन त्याची मुलाखत घ्यायला सांगतं. ‘नमुना पूर्ण राहावा म्हणून.’ नमुना पूर्ण राहतो, माणूस हरवतो. सुई मात्र उजवीकडे सरकते.

लंडनमध्येच याहून शहाणं काम झालेलं आहे, ते सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती नावं ठेवते. पूर्व लंडनमधल्या २५ शाळांतल्या दोन हजारांहून जास्त किशोरवयीन मुलांची २०१२ च्या पहिल्या सहामाहीत, म्हणजे स्पर्धेच्या तोंडावर, पाहणी झाली आणि पुढची दोन वर्षं त्याच मुलांकडे परत परत गेले. न्यूहॅममधली मुलं एकीकडे, शेजारच्या बरोंमधली तुलनेसाठी दुसरीकडे. मुलांच्या व्यायामात आणि मनःस्वास्थ्यात स्पर्धेमुळे म्हणावा असा फरक जवळजवळ आढळला नाही. दुसऱ्या एका अभ्यासात लंडन, पॅरिस आणि बर्लिन अशा तीन शहरांतल्या मिळून २६ हजारांवर लोकांना २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं ‘आयुष्यात कितपत समाधानी आहात’ असं विचारलं. पॅरिस-बर्लिन कशाला? कारण त्या उन्हाळ्यात इतर कशामुळेही माणसं खूश झाली असती, तर ती तिथेही झाली असती. लंडनकरांचं समाधान स्पर्धेच्या दिवसांत खरोखर वाढलं, उद्घाटन आणि समारोपाच्या आसपास सर्वात जास्त. वर्षभरात ते पुन्हा जागच्या जागी. नव्याचे नऊ दिवस, पण मोजलेले.

आता आमच्या पॅकेजमधला ‘सामाजिक मूल्य’ हा भाग पाहा. समारोपाच्या रात्री घेतलेल्या आनंदाच्या गुणांना तो पैशात बदलतो आणि ३६ महिन्यांनी गुणतो. मी म्हटलं ना, सरासरी हसते. इथे तर ती पगारही घेते.

या समारोपाच्या रात्रीच्या सर्व्हेबद्दल मला जरा जास्तच राग आहे, कारण त्यात मी स्वतः आहे. आमच्याकडच्या स्पर्धेत मी स्वयंसेवक होते. शेवटच्या रात्री, जॅकेट घामानं चिकटलेलं, पाय सुजलेले, डोळ्यांत पाणी, आणि समोर टॅबलेट घेऊन एक मुलगी: ‘या अनुभवामुळे तुम्हाला समाजकार्याची प्रेरणा मिळाली का? एक ते पाच.’ पाच! अर्थात पाच. त्या क्षणी मला कुणी पर्वत हलवायला सांगितलं असतं तरी मी पाच दिले असते. तो माझा पाच आजही डॅशबोर्डवर आहे. त्यानंतर मी कुठे स्वयंसेवक म्हणून गेले का, हे मला कुणी विचारलेलं नाही. गेले नाही. कुणी बोलावलंच नाही.

मँचेस्टरमध्ये हे वेगळं घडलं होतं. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेला तिथे सुमारे दहा हजार स्वयंसेवक होते. स्पर्धा संपल्यावर त्यांची यादी कपाटात न ठेवता शहरातल्या पुढच्या कार्यक्रमांसाठी त्यांनाच बोलावत राहणारी यंत्रणा उभी केली. प्रेरणा तिथेही असणारच. पण टिकली ती फोन करणाऱ्या माणसामुळे. लंडनच्या ७० हजार स्वयंसेवकांचा गवगवा जास्त झाला, पण धडा शिकायचा तर मला मँचेस्टरचा जवळचा वाटतो. स्टेडियमचंही तसंच: पुढचा भाडेकरू, मँचेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब, आधीच ठरलेला होता. स्पर्धा उरकल्यावर धावपट्टी काढून जमीन खणून खाली आणखी खुर्च्या बसवल्या आणि २००३ मध्ये क्लब राहायला आला. धावणारी बाई म्हणून धावपट्टी गेल्याचं मला वाईट वाटतं, ते वेगळं.

आमच्या क्लबची माहिती शेवटी भरली. स्पर्धेनंतरच्या पहिल्या महिन्यात आमच्या वहीत ६१ नवी नावं आली होती. पॅकेजनं ती सगळी ‘नवे खेळाडू’ म्हणून घेतली. मी वही घेऊन बसले. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्यातले ९ जण येत होते. त्या नऊपैकी ६ आधी दुसऱ्या क्लबमध्ये धावायचे. आमच्याकडे नवी धावपट्टी आली म्हणून इकडे आले. म्हणजे धावणारी नवी माणसं ३. त्या तिघांपैकी एक ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत, ते आजही रोज सर्वांच्या आधी हजर असतात, आणि त्यांचं मोल ६१ मध्ये कुठेच दिसत नाही. शेजारच्या क्लबचे सहा कमी झाले, ते कुणाच्याच डॅशबोर्डवर दिसत नाहीत.

अजून एक दोष, थोडक्यात. प्रमाणपट्टी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे नुकसान नोंदवताच येत नाही. रिओमध्ये २०१६ च्या ऑलिंपिक पार्कला लागून असलेल्या व्हिला ऑटोड्रोमो वस्तीतली शेकडो घरं गेली, वीसेक कुटुंबं झगडून तिथेच राहिली. हे भरायला मी जागा शोधत होते. ‘इतर टिप्पणी’ सोडून कुठेच नाही, आणि टिप्पण्या अहवालात छापल्या जात नाहीत. मदत कक्षाला लिहिलं. उत्तर दोन दिवसांत, अत्यंत गोड भाषेत: वारसा ही सकारात्मक संकल्पना असल्यामुळे पट्टी शून्यापासून ठेवली आहे. मदत कक्षाला वेगळे गुण देत नाही.

आता तो दीड गुण.

सेटिंग्जमध्ये, तिसऱ्या पानावर, ‘प्रगत’ असं लिहिलेल्या घडीखाली एक खूण आहे: ‘उत्तरदात्याचा पाठपुरावा पत्त्याऐवजी व्यक्तीनुसार करा’. मुळात ती बंद असते. चालू केली की माणूस दुसरीकडे गेला तरी त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो, ॲप नव्या पत्त्यावर त्याची चौकशी करायला लावतं, आणि नव्या रहिवाशाला वेगळा क्रमांक देतं. ग्लासगोमध्ये २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी असंच झालं होतं. शहराच्या पूर्व भागातल्या लोकांना २०१२, २०१४ आणि २०१६ मध्ये भेटले, म्हणजे आधी, ऐन वेळी आणि नंतर. आम्ही ४० कुटुंबांपासून सुरुवात केली. त्यातली ११ आता या भागात राहत नाहीत, ९ सापडली. एका बाईंनी फोनवर मला विचारलं, ‘आम्ही गेलो तिथून, आता आमचं कशाला मोजता?’ मी म्हटलं, तुमचंच मोजायचं आहे.

दुसरी सोय, वास्तूच्या बुकिंगची वही जशीच्या तशी आत घेता येते. मी त्यातून एकच तक्ता काढला: मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ हॉलची किल्ली कुणाकडे होती. मंगळवारच का, तर रविवारी आणि सणासुदीला सगळेच हॉल भरलेले दिसतात. आडदिवशी, शाळा आणि कामं सुटल्यावरच्या वेळेत जो आत असतो, हॉल खरा त्याचा. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी रचलेल्या लंडनच्या ऑलिंपिक जलतरण केंद्राचं मला कौतुक आहे ते याच कारणानं: स्पर्धेपुरत्या जोडलेल्या बाजूंनी प्रेक्षकक्षमता १७,५०० होती, त्या काढून ती सुमारे २,५०० वर आणली आणि मार्च २०१४ मध्ये तलाव सर्वांसाठी उघडला. प्रेक्षकाची जागा कमी केली, पोहणाऱ्याची ठेवली. आमच्या तक्त्यात ५२ मंगळवारांपैकी ३३ वेळा किल्ली बाहेरच्या कंपन्यांच्या कार्यक्रमांकडे होती. हा तक्ता मी बैठकीत दाखवला. सचिव बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘मॅडम, सुई कुठे आहे यात?’

घ्यावं का? समितीला दाखवायला अहवाल हवा असेल तर घ्या, तेवढं काम ते उत्तम करतं. छपाई सुंदर येते. खरंच काय उरलं ते कळून घ्यायचं असेल तर स्पर्धेच्या निदान दोन वर्षं आधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही. पहिल्याच दिवशी प्रगत सेटिंग्जमधली ती खूण चालू करा, कारण एक फेरी झाल्यावर ती बदलता येत नाही. आम्ही पहिली फेरी तशीच उरकली होती, म्हणून ४० कुटुंबांपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. खर्चाचा रकाना रिकामा सोडा, चालतं. ज्या भागात स्पर्धा होणार नाही अशा एखाद्या शेजारच्या भागातही तेच प्रश्न विचारा; पॅकेजमध्ये त्यासाठी जागा नाही, पण दुसरा ‘प्रकल्प’ उघडून करता येतं.

आणि वर्गणी संपायच्या आत माहिती बाहेर काढून ठेवा. काढताना ‘तक्ता’ निवडा. ‘अहवाल’ निवडलात तर आकडे मिळत नाहीत, नुसते आलेख हाती येतात. आमची फाईल मी दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, त्यातला एक त्या ५८ वर्षांच्या गृहस्थांकडे. चार वर्षांनी कुटुंबांना पुन्हा फोन करायचे आहेत, आणि तेव्हा मी खजिनदार असेनच असं नाही.